मुरगळलेला घोटा: सूज उतरल्यानंतरचे खरे काम

शेवाळ धरलेला पेव्हर ब्लॉक, येऊरच्या उतारावरचा सुटा खडा, नाहीतर कबड्डीत चढाई करताना चुकलेले पाऊल. ठाण्यात पावसाळ्यात पाय मुरगळायला एवढे पुरते. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, हाडांना जोडणारा अस्थिबंध (लिगामेंट) ताणतो किंवा फाटतो. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, खेळाडू मैदानात उतरतो आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. पाऊल वाकडे पडतेय हे वेळीच ओळखून सावरण्याची घोट्याची सवय तोवर परतलेली नसते. ती व्यायामानेच परत येते.

आधी हाड मोडलेले नाही ना, ते पाहा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचे टोक आणि त्यांची मागची कड ६ सेंमी वरपर्यंत बोटाने दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी येणारे टेंगूळ आणि आतल्या कमानीवरचे हाड दाबा. तिथे हाडावर दुखले किंवा लंगडतसुद्धा चार पावले टाकता आली नाहीत, तर डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटे निळी किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. पाय उशांवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटे, तोही ठणका कमी व्हावा म्हणून. तेल लावून रगडणे किंवा ओढून ‘बसवणे’ कटाक्षाने टाळा. ताज्या जखमेत रक्तस्राव वाढतो आणि हाड मोडले असेल तर ते सरकते. मात्र पूर्ण झोपूनही राहू नका. सोसेल तेवढे, गरज असेल तर काठी घेऊन, टाच आधी टेकवत चाला.

पुढच्या सगळ्या व्यायामांना एकच माप: शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य धरून तीनपर्यंत दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे वाढलेले नको. वाढले तर एक पायरी मागे या.

घोटा किती वाकतो ते पट्टीने मोजा. भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीवर ठेवूनच गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब नेता येतो ते दोन्ही पायांचे लिहून ठेवा. चांगला पाय ११ सेंमी आणि दुखरा ६ असेल, तर उतरताना दुखरा अडकणारच. हीच हालचाल दिवसातून दोनदा, १५ वेळा करा. फरक दीड सेंमीच्या आत आला पाहिजे. टाच नकळत उचलली जाते, म्हणून तिच्याखाली कागद ठेवून कुणाला तरी तो ओढायला सांगा. कागद निघाला तर ते माप धरू नका.

ताकदीसाठी टाचा उचला: आधी दोन्ही पायांवर १५च्या तीन फेऱ्या, मग एका पायावर. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टेबलाच्या पायाला बांधून, दुसरे टोक पावलात अडकवून पाऊल बाहेर ढकला, १२च्या तीन फेऱ्या. परत आणताना तीन आकडे मोजा. मांडी फिरत असेल तर काम घोट्याचे होत नाही. गुडघा हाताने धरून ठेवा.

सगळ्यात जास्त टाळला जातो तो तोलाचा व्यायाम, आणि गरज त्याचीच सर्वाधिक असते. दात घासताना ३० सेकंद एका पायावर उभे राहा. जमले की कट्ट्याला हात लागेल असे उभे राहून डोळे मिटा, नंतर घडी घातलेल्या चादरीवर, शेवटी भिंतीवर चेंडू मारून झेलत.

अर्धा तास भरभर चालताना दुखत नसेल, एका पायावर २० वेळा टाच पूर्ण उचलता येत असेल आणि १० उड्या मारता येत असतील, तर पळायला लागा: एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, आठ वेळा, एक दिवसाआड. जागा सपाट हवी. गर्दी व्हायच्या आत मासुंदा तलावाभोवती किंवा नेरूळच्या ज्वेल पार्कात जा. येऊरचा उतार शेवटी.

सरळ पळणे जमले की इंग्रजी आठच्या आकारात पळा. एका पायावर सलग तीन उड्यांत गाठलेले अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के झाले की रिकाम्या मैदानात चढाई, मग एका बचावपटूसमोर, मग पूर्ण सराव. बचावपटू घोटाच पकडतात, त्यामुळे सामन्याआधी ती पकड सरावात सोसून पाहा. पुढचे किमान सहा महिने खेळताना घोट्याला टेप लावा किंवा नाडीने आवळायचा आधारपट्टा (ब्रेस) वापरा. सहा आठवड्यांनंतरही पाय दगा देत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोटरी सुजून दुखू लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.