मेळघाटात प्राण्यांच्या नोंदी घेताय? या चुका टाळा

परतवाडा सोडून घाट चढलं की मोबाइलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या, हे सगळेच सांगतात. मोठा घोळ जीपीएसच्या सेटिंगमध्ये होतो. एकाचं यंत्र अंश-मिनिटांत, दुसऱ्याचं दशांशात. २१ अंश ३० मिनिटं म्हणजे २१.५. ते घाईत २१.३० लिहिलं की गवा नकाशावर सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो! निघतानाच सगळ्यांची सेटिंगं एक करा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ट्रान्सेक्टवर, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालताना. उतार आला की पाय आपोआप नाल्याकाठच्या पायवाटेकडे वळतात. पण नाल्याकाठी उन्हाळ्यात जनावरं जास्तच असणार, आकडा फुगणारच. चढ असो की रायमुनियाची जाळी, रेषा सोडू नका. जनावरापर्यंतचं अंतर नजरेनं ठरवू नका. डोंगरात नजर हमखास फसते, रेंजफाइंडर वापरा. चितळांचा कळप असेल तर अंतर कळपाच्या मध्यापर्यंत मोजायचं, सगळ्यात जवळच्या चितळापर्यंत नाही. कंपास बघताना हातातला कोयता, मोबाइल बाजूला ठेवा, नाहीतर काटा सरकतो. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. रिकामा रकाना बघून ऑफिसात बसलेला माणूस काय समजणार, तुम्ही चाललात की झोपलात?

सोबतचा कोरकू वाटाड्या थबकला की तुम्हीही थबका. ‘काय दिसलं?’ हे नंतर विचारा.

वाऱ्याचा विचार फार कमी जण करतात. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. म्हणून पाणवठ्यावर पहाटे वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास थेट सांबराच्या नाकात. चिमूटभर माती सोडून बघा, हवा कुठे जाते ते कळतं.

दिवसाढवळ्या सागाच्या शेंड्यावर घुबड दिसलं की लगेच ‘रानपिंगळा’ लिहून मोकळे होऊ नका. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला पक्षी, मोह होणं साहजिक आहे. पण साधा पिंगळाही दिवसा दिसतो. डोकं बघा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. खात्री नसेल तर ‘पिंगळा, जात अनिश्चित’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

चिखलातल्या पंज्याचंही तसंच. ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि बिबट्याचा वाघ होतो. कडक जमिनीवर, पातळ धुळीत उमटलेला ठसा शोधून तोच मोजा. नखं उमटली असतील तर बहुतेक वेळा कुत्रा नाहीतर तरस.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली गुपचूप चालू नका. फुलं खाण्यात गुंगलेल्या अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही आणि दचकलं की ते अंगावर येतं. तिथे मोठ्यानं बोला, काठी आपटा. त्या दिवशी दोन जनावरं कमी दिसली तरी चालतील.