पिळवणूक ओळखायची कशी? ऊसतोडीच्या कोप्यांवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी

समाजकार्य शिकणारी मुलं दरवर्षी माझ्याबरोबर ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांवर, त्यांच्या कोप्यांवर म्हणजे झोपड्यांवर येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) मारतो का?" तो प्रश्न आधी वहीतून खोडा. मारहाण होतेही, पण बऱ्याच टोळ्यांत मुकादम गावचाच, भावकीतला, स्वतः कोयता धरलेला निघतो. तिथे "नाही हो, चांगला आहे" ऐकून तुम्ही खूश होऊन परत याल.

सुरुवात उचलीपासून करा. ऐन पावसाळ्यात, घरात पैसा नसतो तेव्हा, मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मजुरीपोटी आगाऊ ठोक रक्कम देतो, तीच उचल. जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात, बाईचा हिशेब वेगळा नसतोच. उचल किती, कशावर खर्च झाली, मागची बाकी किती, वही कुणाकडे, हे सगळं विचारा. मग टनाचं गणित मांडा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढून टनाला 366 रुपये झाला. कोयत्याने दिवसाला दीड-दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे होतात. पहाटे अंधारात उसाच्या फडात जायचं, रात्री गाडी लागली की मोळ्या भरायला पुन्हा उठायचं, बाईने वर चूल आणि पाणी बघायचं. त्या रुपयांना तासांनी भागून बघा.

पण नुसती मजुरीच कमी असती, तर माणूस दुसरीकडे गेला असता. म्हणून विचारा, "उद्या सोडून जायचं म्हटलं तर?" इथे घाई करू नका. "उचल फिटायचीय" एवढंच उत्तर येईल आणि माणूस मोळी बांधू लागेल. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे. घेतलेल्या आगाऊ पैशापायी माणसाला दुसरीकडे काम करायची किंवा फिरायची मोकळीक उरली नसेल, तर त्यालाही हा कायदा वेठबिगारीच म्हणतो. पायात साखळी लागत नाही.

यानंतर खाडा, म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. दुखणं आलं, बाळंतपण आलं, पाळी आली आणि काम बुडलं, की मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. उघड्यावर संडास, पाणी लांबून आणायचं, आणि रोज वाकून ऊस तोडायचा. बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न असाच वाढला. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कुणी त्यांना धरून नेलं नव्हतं. अंगावरून जाणं, पोटदुखी, डॉक्टरने दाखवलेली कॅन्सरची भीती आणि खाड्याचा धाक, एवढं पुरलं. "स्वतःच्या मर्जीने केलं" हे उत्तर मिळालं की तिथेच थांबू नका. दुसरा कोणता रस्ता तिला परवडला असता, तेही विचारा. हे पोरींनीच विचारायचं, मुकादम किंवा नवरा आसपास नसताना. पोरांनी तेवढा वेळ पाणी भरावं.

आता दुसरी बाजू. शेतकरी सांगेल की टोळी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागते, पैसे दिल्याशिवाय फडाला हात लावत नाही. मुकादम सांगेल की उचल घेऊन चार कोयते पळाले आणि त्याची जमीन गहाण पडली. दोन्ही खरं असू शकतं, दोन्ही लिहून घ्या. मी मात्र एक गोष्ट तपासते: अवकाळी पाऊस आला, गाडी फसली, कारखान्यात बिघाड झाला, तर त्या दिवसाचा तोटा कुणाच्या अंगावर पडतो? फडावर पन्नास जणांना विचारा, उत्तर फिरत नाही. कोपीत बसून राहिलेल्या जोडीला त्या दिवशी दमडी मिळत नाही, पीठ-मीठ मात्र लागतंच.

पोरांशी बोला, पण फोटो काढू नका. दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखत असेल, तर तिची शाळा कोणती, इयत्ता कोणती, एवढं टिपा. गावाकडे हंगामी वसतिगृह असूनही ती इथे का आली, हे आईला विचारा.

निघण्याआधी प्रत्येक कोपीत ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आहे का, ते बघा. नसेल तर नाव, गाव आणि तालुका नीट लिहून आणा. ग्रामसेवकाकडे खेटे आपण घालायचे, त्यांना खाडा परवडत नाही.