अंगाला लावायचं क्रीम घरी करताय? आधी हे जमवून ठेवा

कापसाची वेचणी सुरू झाली की बोंडांच्या टोकांनी बोटं खरवडतात, त्यात दिवाळीनंतरची कोरडी हवा, पोटऱ्या अशा उलतात की नख फिरवलं तर पांढरी रेघ उठते. त्यावर घरचं तेला-मेणाचं क्रीम लय चांगलं काम करते, पण बायांनो, गॅस पेटवायच्या आधी सगळं हाताशी ठेवा.

पहिले डबी. डबी कोरडी पाहिजे. धुतली, फडक्यानं पुसली म्हणजे कोरडी झाली असं नाही, झाकणाच्या आट्यांत पाणी बसून राहते आणि आतल्या पांढऱ्या चकतीखाली तर दिसतही नाही. मागच्या हिवाळ्यात माझं हेच राहिलं, कडेनं काळे ठिपके धरले, अख्खी डबी फेकावी लागली. काहून की या क्रीममध्ये पाणी नाहीच, म्हणून तर ते काही औषध न टाकता टिकते. नुसत्या तेला-मेणात बुरशी जगत नाही, पाण्याचा थेंब मिळाला की जगते. म्हणून डबी, झाकण, चमचा, रवी सगळं आदल्या दिवशी धुवा, निथळू द्या, मग चकती काढून दिवसभर कडक उन्हात उताणं ठेवा.

सामान 100 ग्रॅमचं सांगते. घाणीचं तिळाचं तेल 55 ग्रॅम, खोबरेल 30, मधमाशीचं मेण 15. उन्हाळ्यासाठी करत असाल तर मेण 20 घ्या आणि तिळाचं तेल तेवढं कमी करा, कारण खोबरेल 24-25 डिग्रीलाच पातळ होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जाते. काट्यावरच मोजा, चमच्यानं मेण मोजता येत नाही. मेळघाटातला मध विकणारा कोणी ओळखीचा असेल तर मेणाचं त्यालाच विचारा. खरं मेण पिवळसर असते, मधाचा वास येते. मेणबत्त्या वितळवून घालू नका. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळते, थंडीत ते आपोआप थिजते, खोबरेलाच्या जागी ते घेतलं तरी चालते. जवसाचं तेल घरात आहे म्हणून घालाल तर नका घालू, हवा लागली की ते लवकर खराब होते आणि वास मारते.

कोरफड, गुलाबजल, साय, कोणी कितीही सांगू द्या, नाही. हे सगळं पाणीच आहे आणि पाणी नको म्हणून तर एवढं डबी वाळवणं चाललंय! ग्लिसरीन तेलात मिसळतच नाही, तळाशी बसते. व्हिटॅमिन ईच्या 2 कॅप्सूल फोडून टाका, त्यानं तेल उशिरा खवट होते, पण बुरशी त्यानं थांबत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा.

करताना मोठ्या गंजात पाणी तापवा आणि त्यात स्टीलचा वाडगा ठेवून त्यात मेण-तेल. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेते. 62-64 डिग्रीला वितळते, गरम पाण्यावर आरामात होते, आच वाढवू नका, पाणी उसळून वाडग्यात उडते. लेकरं लांब. पूर्ण वितळलं की वाडगा सांडशीनं उचला आणि थांबा, बुड पुसा. बुडाला पाणी लटकलेलं असते आणि ओतताना तेच डबीत टपकते, दिवसभर उन्हात वाळवलेली डबी एका क्षणात ओली. फडकं आधीच खांद्यावर टाकून ठेवा.

थंड ताटलीवर थेंब टाकून पाहा, कडक वाटला तर तेल, पातळ वाटला तर मेण. कडा धरू लागल्या की कोरड्या रवीनं घुसळा, क्रीम फुलते. लहान लहान डब्यांत भरा. गार झाल्याशिवाय झाकण नको, झाकणाला घाम येते. तारीख लिहा.

लावायचं आंघोळ झाल्यावर, अंग ओलसर असतानाच. हे क्रीम स्वतः ओल देत नाही, अंगावरची ओल धरून ठेवते. आणि इथेच घोळ होते, अंग ओलं म्हणजे हातही ओला आणि तोच हात सरळ डबीत! डबी न्हाणीत नेऊच नका. आत जायच्या आधीच कोरड्या चमच्यानं वाटीत काढून घ्या, घरातल्या सगळ्यांना हेच सांगा, नवऱ्याला दोनदा.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस पाहा. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, किंवा शुगर असेल तर पायाला घरचं काही लावू नका, दवाखान्यात दाखवा. खवट वास आला की फेका. रात्री तळपायाला लावलं तर मोजे घाला, फरशीवर पाय घसरते.