फौजीच्या पेन्शनीसाठी आधी ट्रंक उघडा

आमच्या ह्यांची काळी लोखंडी ट्रंक माळ्यावर असायची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. सतरा वर्षं ती ह्यांच्याबरोबर फिरली आणि नंतर अठ्ठावीस वर्षं माळ्यावर बसली. २०२२ च्या श्रावणात हे गेले, तेव्हा ती मी पहिल्यांदा एकटीनं खाली काढली. तेव्हापासून आमच्या आणि शेजारच्या गावातल्या सात-आठ जणींचे पेन्शनीचे कागद माझ्या हाताखालून गेलेत. प्रत्येकीला मी पहिलं हेच सांगते. बँकेत धावू नका, तालुक्याला जाऊ नका, आधी ट्रंक उघडा.

त्यात दोन वस्तू शोधायच्या. एक डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, दुसरी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा हुकूम. आमच्याकडं डिस्चार्ज बुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेलं होतं. पीपीओचा कागद घड्यांवर फाटायला आलेला. तो तसाच उलगडू नका, आधी दोन्हीकडून फोटो काढा, मग झेरॉक्स. पीपीओवर बायकोचं नाव आहे का, आणि असेल तर ते तुमच्या आधार कार्डावरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळतं का, एवढं एक बघा. तुमचं काम दोन महिन्यांचं आहे की वर्षाचं, ते तिथंच कळतं.

माझं नव्हतं जुळत. पीपीओवर होतं हिराबाई. आधार, रेशन कार्ड, मतदान, पासबुक सगळीकडं मी सुलोचना. झालं असं की १९८३ ला लग्न झालं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं ह्यांनी सुलोचना लिहिलं आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव माहेरीच राहिलं. पण रजा संपवून हे युनिटात परत गेले तेव्हा पुरावा म्हणून हातात काय, तर लग्नपत्रिका. पत्रिका छापलेली लग्नाच्या आधी, तिच्यावर चि. सौ. कां. हिराबाई. क्लार्कनं पत्रिकेवरचं नाव घातलं, तशीच पार्ट टू ऑर्डर निघाली. पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मुलं, नाव यांची फौजेच्या दप्तरातली नोंद. ती एकदा निघाली की जन्मभर तीच खरी, तुम्हाला गाव काय हाक मारतो याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. आमच्या पट्ट्यात निम्म्या बायकांची हीच गत आहे.

त्यावर उपाय आहे, फक्त चिकाटी लागते. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करायचं, की या दोन्ही नावांची बाई मी एकच. मी माहेरच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणला, त्यावर जुनं नाव आणि जन्मतारीख दोन्ही होतं. पुढं नावबदल राज्याच्या राजपत्रात छापून घेतला, त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो. जोडीला दोघांचा एकत्र फोटो. आमचा एकत्र फोटो एकच निघाला, थोरल्याच्या बारशातला, त्यात हे अर्धे कापलेले. चालला. जन्मतारखेतला फरकही असाच पुराव्यानं मिटवावा लागतो.

नाव पीपीओवर बरोबर असेल तर तुमची कुटुंब पेन्शन आधीच मंजूर आहे, फक्त ती चालू करून घ्यायची असते. हे फार जणींना माहीत नसतं, त्या नव्यानं काहीतरी मागायला निघाल्यासारख्या हात जोडून उभ्या राहतात. नाव नसेल किंवा चुकीचं असेल, तर मात्र रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, अर्ज करून नाव घालून घ्यावं लागतं, आणि मग प्रयागराजचं पेन्शन ऑफिस दुरुस्तीचा पीपीओ काढतं.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं, ते तुमच्या ह्यांच्या रेजिमेंटवर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे फौजेतल्या यंत्रदुरुस्तीवाल्यांचं, सिकंदराबादला. नौदलवाल्यांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीला. पण थेट तिकडं गाडी धरू नका. जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतःच माजी सैनिक असतात, अर्ज ते तपासून देतात. अर्जात ह्यांचा आर्मी नंबर पहिल्या ओळीत हवा. माझं पहिलं पत्र नंबराविना गेलं, चूक माझीच. रडून रडून दीड पान लिहिलं होतं, त्यात सगळं होतं, नंबर तेवढा नव्हता. नंबर, रँक, नाव, रेजिमेंट, पीपीओ नंबर, भरतीची आणि रिटायरची तारीख, मृत्यूची तारीख, तुमचं नाव, तुमचा मोबाइल. एवढं लिहा, दुःख लिहू नका.

कागद म्हणजे मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, तुमचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान, तुमचे फोटो, आणि सापडलं तर ह्यांचं माजी सैनिक ओळखपत्र. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, तोवर ती फुकट होते. पुढं गेलं की विलंबाची फी आणि परवानग्या. दिवस सुरू असले तरी घरातल्या कुणाला तरी ग्रामपंचायतीत धाडा. दाखल्यावर ह्यांचं नाव पीपीओप्रमाणं लिहून घ्या. आमच्याकडं सांगायला दीर गेले होते, त्यांनी घरातलं लाडाचं नाव सांगितलं आणि मी परत एक फेरी मारली. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या.

आता मुख्य काम. पूर्वी पेन्शन बँक द्यायची, आता बहुतेकांची स्पर्शमध्ये गेली आहे. स्पर्श ही संरक्षण खात्याची पेन्शनची संगणकी व्यवस्था, पैसे थेट प्रयागराजहून खात्यात. तिथं ह्यांच्या निधनाची खबर द्यायची, दाखला चढवायचा, मग तुमची माहिती, आधार आणि बँक खातं. मोबाइलवर जमत नसेल तर सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात, करून मिळतं, किंवा ज्या बँकांना स्पर्शचं काम दिलंय त्यांच्या शाखेत. जाताना ह्यांचा मोबाइल बरोबर न्या. ओटीपी त्याच नंबरावर येतो, आणि पोरं तेवढ्यात ते सिम बंद करून बसलेली असतात. निदान वर्षभर त्या सिमला रिचार्ज मारत राहा. अर्ज गेला की तक्रार क्रमांकासारखा एक नंबर मिळतो, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. माझा अजून तिथं आहे, कालनिर्णयच्या भाद्रपदावर.

या मधल्या काळात एक चूक हमखास होते. खबर द्यायला उशीर होतो, महिनाअखेरीला ह्यांची पेन्शन नेहमीसारखी खात्यात येते आणि कुणीतरी एटीएमवर जाऊन ती काढून आणतं. काढू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन ह्यांची, दुसऱ्या दिवसापासूनची कुटुंब पेन्शन तुमची. ह्यांच्या नावानं त्यानंतर आलेलं सगळं परत जातं, आणि खर्चून टाकलं असेल तर तुमच्या पेन्शनीतून कापतात. ह्यांचं जे राहिलंय त्याची थकबाकी वेगळी मागता येते. जोड खातं असेल, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल ते अशा नोंदीचं, तर तेच पुढं चालतं. एका बँकेत मला नवीनच खातं काढा म्हणून बसवून ठेवलं होतं. गरज नसते, शांतपणे मॅनेजरला भेटा. आणि एटीएमचं कार्ड आपल्या बटव्यात. मुलगा कितीही गुणाचा असो.

पैसे किती, हा प्रश्न सगळ्या कुजबुजत विचारतात. उघड विचारा की. साधी कुटुंब पेन्शन म्हणजे पगाराच्या ३० टक्के, कमीत कमी ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. ह्यांच्यासारख्या १९९४ ला रिटायर झालेल्या जुन्या लोकांचा पगार त्या सालचा धरत नाहीत, वेतन आयोग आणि वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारख्या रँकला आणि सारख्या नोकरीला सारखी पेन्शन, यांप्रमाणं तो वर आणून धरतात. सुरुवातीला मात्र वाढीव दर मिळतो, ५० टक्के. माणूस रिटायर होऊन गेला तर सात वर्षं, किंवा तो ६७ चा झाला असता तोपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणजे समजा पगार ४०,००० धरला, तर आधी २०,००० आणि मग १२,०००. हे ६४ व्या वर्षी गेले, त्यामुळं मला वाढीव तीनच वर्षं आली. २०२५ ला आकडा खाली आला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बँकेनंच पैसे खाल्ले असं समजून मी तिथं जाऊन बसले, आणि ती चूक त्यांची नव्हती. तुमची तारीख आत्ताच काढून ठेवा, म्हणजे त्या महिन्यात छातीत धस्स होणार नाही. ह्यांनी पेन्शन विकली असेल, म्हणजे तिच्या काही भागाचे पैसे आधीच एकरकमी घेतले असतील, तर त्याची कपात तुमच्या पेन्शनीत येत नाही, ती ह्यांच्याबरोबर संपते. ८० वर्षं पूर्ण झाली की कुटुंब पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, आणि शंभरी गाठलीत तर दुप्पट. आमच्या गावात एक आजी ९१ च्या आहेत. त्यांची जन्मतारीख कागदावर लागलेली नव्हती म्हणून अकरा वर्षं वाढ मिळाली नव्हती. आता थकबाकीसाठी अर्ज घातलाय.

नवरा नोकरीत असतानाच गेला असेल तर वाट वेगळी, आणि एका अर्थानं सोपी. युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस स्वतः कागद पाठवतात. तिथं वाढीव दर दहा वर्षं. मृत्यू फौजेच्या सेवेमुळं झाला असं ठरलं तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत किंवा तशा कारवाईत गेला तर पूर्ण पगाराइतकी. म्हणून मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजीत असेल तर वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स हे पेन्शनीपासून वेगळे पैसे. रिटायर झालेल्यांचाही ग्रुप इन्शुरन्स पुढं ठरावीक वयापर्यंत चालू असतो, त्याचं प्रमाणपत्र त्याच ट्रंकेत शोधा.

फौज सोडून ह्यांनी नंतर दुसरी सरकारी नोकरी केली असेल आणि तिथलीही पेन्शन बसली असेल, तर २४ सप्टेंबर २०१२ पासून बायकोला दोन्ही कुटुंब पेन्शनी घेता येतात. पूर्वी एकच निवडावी लागायची, आणि काही जण अजून तेच सांगतात.

चालू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला, बहुतेकींचा नोव्हेंबरात. मशीनवर अंगठा ठेवला की होतं असं म्हणतात. माझा अंगठा लागला नाही. खुरपं आणि राख यांनी रेघाच राहिलेल्या नाहीत, दहाही बोटं लावून झाली. केंद्रातला मुलगा म्हणाला, काकू, चेहऱ्यानं करू. मोबाइलकडं बघून डोळे मिचकवायचे, झालं. त्याच महिन्यात फोन येतात, पेन्शन ऑफिसातून बोलतोय, ओटीपी सांगा. सांगू नका, कुणालाच. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड तुमच्या नावानं करून घ्या, आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीची माफी मागा, माजी सैनिकांच्या विधवा पत्नींना ती आहे. एजंटाला पैसे द्यायचं यात कुठलंच काम नाही. प्रवासभाडं आणि झेरॉक्स, बास.

मागच्या महिन्यात आमच्या आळीतले एक सुभेदार स्वतःच डिस्चार्ज बुक घेऊन आले, म्हणाले वहिनी, माझंही बघा एकदा. मी चष्मा लावून बघितलं. नाव बरोबर होतं. जन्मतारीख मात्र अशी, की लग्नात त्यांची बायको सात वर्षांची ठरत होती. ते हसायला लागले. ती नाही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं सैनिक कल्याण कार्यालयात गेली, तिनं बरोबर जन्माचा दाखला घेतला होता आणि भाकरीही.