मिडल स्कूलचं रिपोर्ट कार्ड तिरकं वाचा

अमेरिकेत घर बघायला निघालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "तिथलं मिडल स्कूल दहापैकी चारच आहे हं." मिडल स्कूल म्हणजे सहसा सहावी ते आठवीची शाळा, आणि हे दहापैकी गुण रेटिंगच्या संकेतस्थळांनी दिलेले. मुलगी पाचवीत असताना आम्हालाही असंच सांगितलं गेलं. मी हिशेब तपासण्याचं काम करते. नुसती शेवटची ओळ बघून कंपनी बरी की वाईट हे मी कधी ठरवलेलं नाही, मग पोरीची शाळा तशी कशी ठरवू? एका रविवारी दोन शाळांचे कागद छापून जेवणाच्या टेबलावर पसरले. तेव्हा जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

रेटिंगची संकेतस्थळं बाजूला ठेवा आणि तुमच्या राज्याच्या शिक्षण विभागाच्या साइटवरून शाळेचं रिपोर्ट कार्ड काढा. 2015 च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट या देशपातळीवरच्या शिक्षण कायद्यानुसार ते प्रसिद्ध करणं राज्यांना बंधनकारक आहे. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते, म्हणजे सहावी, सातवी, आठवी या तिन्ही इयत्तांचे आकडे मिळतात. शिवाय निकाल गटवार द्यावा लागतो: वंश, कमी उत्पन्नाची घरं, इंग्लिश शिकणारी (म्हणजे अजून इंग्लिश नीट न येणारी) मुलं, अपंगत्व असलेली मुलं.

निकालाच्या आधी शाळेत कोण शिकतं ते पान वाचा. कारण समजायला मी मनानेच आकडे घेते. दोन शाळा, प्रत्येकी 500 मुलं. पहिलीत कमी उत्पन्नाच्या घरची 100, त्यांतली 40 टक्के पास. उरलेल्या 400 पैकी 70 टक्के पास. एकूण 64 टक्के. दुसरीत कमी उत्पन्नाची 300, त्यांतली 48 टक्के पास. उरलेल्या 200 पैकी 75 टक्के पास. एकूण 59 टक्क्यांच्या आतच. दोन्ही गटांत दुसरी शाळा सरस, तरी एकूण आकड्यात ती मागे! नुसत्या एकूण आकड्यावरून रेटिंग दिलं तर तिलाच कमी मिळणार, आणि घरं घेणारे पहिलीकडे धावणार. मला हे फार लागतं, कारण त्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांचं काम कुणी बघतच नाही.

आता या गटांच्या नावांतही खाचा आहेत. 'कमी उत्पन्न' हा आकडा बहुतेकदा फुकट किंवा सवलतीच्या जेवणावरून काढतात. दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेलं घर त्यात बसतं. पण काही शाळांत सगळ्याच मुलांना फुकट जेवण मिळतं, तिथे घरोघरचे अर्ज भरून घेत नाहीत. अशा शाळेचा आकडा शंभर टक्के दिसला तर तो गरिबीचा आकडा समजू नका.

इंग्लिश शिकणाऱ्या मुलांचा निकाल नेहमी खालीच दिसतो. ज्याला इंग्लिश नीट यायला लागतं तो मुलगा त्या गटातून बाहेर पडतो आणि नवीन आलेला आत येतो. काही राज्यं बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत त्याच गटात धरतात, काही धरत नाहीत. तळटीप वाचल्याशिवाय दोन राज्यांची तुलना करू नये. आणि 'एशियन' या एका रकान्यात आपली मुलं, व्हिएतनामहून आलेली मुलं, चिनी घरांतली मुलं सगळी एकत्र. तो रकाना बघून "आपल्या मुलांचं तिथे छान चालतं" म्हणणं मला पटत नाही.

काही चौकोनांत आकड्याऐवजी चांदणी (*) दिसेल. गट इतका लहान आहे की आकडा छापला तर मूल ओळखू येईल, म्हणून तो झाकलेला असतो. चांदणी म्हणजे शून्य नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं काम पुढचं. यंदाची आठवी आणि गेल्या वर्षीची आठवी ही वेगवेगळी मुलं. म्हणून तक्ता तिरका वाचा: 2023 ची सहावी, 2024 ची सातवी, 2025 ची आठवी. मी पेन्सिलीने हे तीन चौकोन रेघेने जोडले. वाचनाची रेघ हळूहळू वर जात होती. गणिताची मात्र आठवीत धाडकन खाली आली. नवरा म्हणाला, "बघ, इथेच गाडी अडते."

पण तसं नव्हतं. कायद्यातच सूट आहे: आठवीतच हायस्कूलचा अल्जिब्रा (बीजगणित) घेणाऱ्या मुलांना राज्य आठवीच्या गणिताऐवजी अल्जिब्राचीच परीक्षा देऊ शकतं. म्हणजे गणितात पुढे असलेली मुलं त्या तक्त्यातून निघून जातात आणि उरलेल्यांचाच निकाल छापला जातो. अल्जिब्राचा तक्ता वेगळ्या पानावर होता. दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा कुठे चित्र पुरं झालं. तुमच्या राज्यात काय करतात ते आधी विचारा, मगच आठवीच्या गणितावर बोला. मागची वर्षं बघत असाल तर 2020 च्या वसंतात करोनामुळे परीक्षाच झाल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

मग गैरहजेरी. वर्षाचे 10 टक्के किंवा जास्त दिवस चुकवणाऱ्या मुलांचं प्रमाण बघा; 180 दिवसांच्या शाळेत ते होतात 18 दिवस. मी निकालाइतकीच या आकड्याकडे बघते. नवख्या शिक्षकांचं प्रमाणही याच कार्डात असतं.

एवढं झालं की शाळेत जाऊन भेटा. मी काउन्सेलर बाईंना एकच प्रश्न विचारला, "आठवीत अल्जिब्रा कुणाला मिळतो, आणि ते कधी ठरतं?" त्या म्हणाल्या, पाचवीच्या शेवटच्या चाचणीवरून सहावीचा गणिताचा वर्ग ठरतो, आणि तिथूनच पुढची वाट. म्हणजे आमच्या हातात जेमतेम चार महिने होते. मी विचारलं, चाचणी हुकली किंवा त्या दिवशी बिनसलं तर पुन्हा संधी असते का? होती, पण पालकांनी लेखी अर्ज केला तरच, आणि हे कुठल्याच पानावर छापलेलं नव्हतं. तुमचं मूल पाचवीत असेल तर हा प्रश्न आत्ताच ईमेलने विचारून ठेवा.