तिकिटं ग्राहकाच्या नावावर शोधणं बंद केलं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ग्राहकांची सर्व्हिस तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, एक्सेलमध्ये; बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मोठ्या ग्राहकांची उघडी तिकिटं वेगळी निघत नव्हती, कारण तिकिटं आणि बिलं यांची जोडणी ग्राहकाच्या नावावर होती. एकीकडे ‘बडोदा’, दुसरीकडे ‘वडोदरा’, कुठे ‘प्रा. लि.’ गळलेलं. नेमकी जुळणी मागितली की व्हीलुकअपला (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला) एक जादा स्पेसही चालत नाही.

आता जीएसटी क्रमांक धरला आहे. पण पूर्ण १५ अक्षरं घेऊ नका. पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातचे २४ आणि मध्य प्रदेशचे २३. त्यामुळे एकाच कंपनीचा इथला कारखाना आणि इंदूरचा डेपो दोन वेगळे ग्राहक दिसतात. तिसऱ्यापासूनची १० अक्षरं म्हणजे पॅन. दोन्ही शीटमध्ये मिड फॉर्म्युल्याने (ए२, ३, १०) तेवढीच काढली.

व्हीलुकअप पहिलंच बिल उचलतो, म्हणून वर्षाच्या विक्रीला समइफ्स, तो जुळणाऱ्या सगळ्या बिलांची बेरीज करतो. क्रेडिट नोटा (परत आलेल्या मालाच्या रकमेच्या नोंदी) उणे चिन्हाने आल्यात ना, ते आधी बघा, नाहीतर माल परत करणाराच यादीत वर बसतो. मग फिल्टर सोपा: स्थिती ‘उघडं’, विक्री ५ लाखांवर. जीएसटी नसलेल्या गिऱ्हाइकांना मोबाइलचे शेवटचे १० अंक पुरतात, मधल्या स्पेस तेवढ्या आधी काढायच्या.