बारने मला फसवले: अकरावीत लॉग शिकणाऱ्यांसाठी

माझे प्राथमिक शिक्षण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत झाले आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी झाले. ‘पॉवर’ (घात) आणि ‘लॉग’ (लॉगॅरिदम) हे शब्द पुढे वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या धड्यांतून भेटल्यामुळे त्यांचे एकमेकांशी काही नाते आहे हे मला अकरावी निम्मी सरेपर्यंत उमगले नाही. १० चा तिसरा घात १००० आणि १० या पायाला १००० चा लॉग ३, ही एकच गोष्ट आहे. पहिल्या वाक्यात घातांक हाती असतो आणि संख्या शोधायची असते, दुसऱ्यात संख्या हाती असते आणि घातांक शोधायचा असतो. समान पायाच्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, म्हणून गुणाकाराचा लॉग हा लॉगांच्या बेरजेइतका असतो. इतर नियमही याच रीतीने स्वतः काढून पाहावेत.

आता माझी चूक सविस्तर सांगते, कारण तिने माझे सहामाहीतले गुण गेले. हायड्रोजन आयनांची संहती ०.००२ मोल प्रति लिटर असलेल्या द्रावणाचा पीएच, म्हणजे त्या संहतीच्या लॉगचे चिन्ह उलटवून येणारी संख्या, काढायचा होता. लॉगच्या तक्त्यावरून २ चा लॉग ०.३०१० मिळाला आणि ०.००२ चा लॉग ‘बार ३ पूर्णांक ३०१०’ असा, म्हणजे ३ च्या डोक्यावर आडवी रेघ (बार) देऊन, लिहिला. शिकवणीत आम्हांला युक्ती दिली होती की बार पुसून पूर्ण संख्येपुढे उणे चिन्ह लावावे. त्याप्रमाणे मी लॉग उणे ३.३०१० धरला आणि पीएच ३.३०१० लिहिला. बार मात्र फक्त ३ वर असतो, त्यापुढचा अपूर्णांश धनच राहतो. ०.००२ म्हणजे २ गुणिले १० चा उणे तिसरा घात, म्हणून त्याचा लॉग उणे ३ अधिक ०.३०१०, म्हणजेच उणे २.६९९०, आणि पीएच २.६९९०. माझ्या उत्तराचा ताळा केला असता तर १० चा उणे ३.३०१० हा घात ०.०००५ येतो, म्हणजे खऱ्या संहतीच्या फक्त एक चतुर्थांश, हे तिथेच कळले असते.

कारण न सांगता दिलेली युक्ती मी आता कोणाकडूनही घेत नाही, मग सांगणारा कितीही नावाजलेला असो. बारमागचे कारण असे: गणिती नेपिअरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले, ब्रिग्ज या दुसऱ्या गणितीने पुढे १० हा पाया रुजवला आणि त्या पायामुळेच २, २०० व ०.००२ यांना तक्त्यातला एकच अपूर्णांश पुरतो. बारची पद्धत त्या सोयीसाठी आहे.

पहिले काही आठवडे हे अवघड जाईल, पण तो तुमच्या बुद्धीचा दोष नव्हे. ऋण संख्येचा किंवा शून्याचा लॉग मात्र काढायला जाऊ नका, कारण १० चा कोणताही वास्तव घात धनच येतो. मी आजही बार दिसला की आधी ‘उणे ३ अधिक ०.३०१०’ अशी पूर्ण ओळ लिहिते आणि मगच पुढची पायरी मांडते.